मासेमारी अनुदान करार: दिल्लीने मान्य करावा का, आणि तापीकाठी त्याने काय बदलेल

शिरपूर तालुक्यातल्या एका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या तरुण सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदान करार भारताने मान्य केला तर आपलं बोटुकली (पाण्यात सोडायची माशांची पिल्लं), जाळी आणि होड्यांचं अनुदान बंद पडेल, असं आमच्या आमसभेत सांगितलं गेलं. विरोधाचा ठराव आणायचा आहे. हे खरं आहे का? आणि एवढा मोठा निर्णय संसदेत मतदान न घेता सरकार कसा काय घेऊ शकतं?’

सचिव महोदय, अनुदान बंद पडणार नाही. तो करार आपल्या धरणांना लागूच होत नाही. त्याच्या पहिल्याच कलमात व्याप्ती ठरवून दिली आहे: समुद्रातली नैसर्गिक मासळी पकडणं आणि त्यासाठी समुद्रावर चालणारी कामं. त्याच ठिकाणी तळटीप घालून मत्स्यशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी, म्हणजे आपलं खातं जिला भूजलाशयीन मासेमारी म्हणतं ती, स्पष्टपणे वगळली आहे. हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर, सुलवाडे-सारंगखेडा-प्रकाशाचे बंधारे, नवापूर-नंदुरबारकडे पसरलेला उकाईचा फुगवटा, अक्कलकुवा-अक्राणीतलं सरदार सरोवराचं पाणी, यांतलं काहीही त्या कराराखाली येत नाही. २०२० साली सुरू झालेल्या २०,०५० कोटींच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून आपल्याकडे मत्स्यपालनाचे पिंजरे आले, बर्फपेट्या आल्या, बीज संवर्धनाची तळी झाली. त्या कामांवर जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात बसून कुणी आक्षेप घेऊ शकत नाही.

ही आपल्यापुरती बारीकशी सवलत आहे असंही समजू नका. २०२२-२३ मध्ये देशात १७५ लाख टनांच्या आसपास मासळी निघाली आणि त्यातली सुमारे १३१ लाख टन भूजलाशयीन आणि मत्स्यशेतीची होती. म्हणजे देशातली चारातली तीन हिस्से मासळी या कराराच्या बाहेर आहे. ‘मच्छीमारांचं अनुदान जाणार’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी ही तळटीप वाचलेली नसते, किंवा वाचून बाजूला ठेवलेली असते.

मग खान्देशाने या वादात लक्ष घालायचंच कशाला? माझ्या मते घालायला हवं. आपल्या आठवडे बाजारात सुकट, जवळा आणि बोंबलाची दुकानं लागतात. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजतं, त्या घरात भाकरीबरोबर सुकट अधूनमधून असतेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या कितीतरी पाड्यांवर पावसाळ्यात तोच प्रथिनांचा आधार. ती मासळी पालघर-रायगडच्या किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून येते. समुद्र रिकामा होत गेला तर त्याचा भाव आपल्या आयाबहिणींनाच द्यावा लागेल. शिवाय तुमचा खासदार याच संसदेत बसतो. किनाऱ्यावरचा माणूस बोलेल आणि आपण गप्प बसायचं, हे सहकारात वाढलेल्या माणसाला शोभत नाही.

आता करार काय आहे ते नीट सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

मासेमारी अनुदानांवरच्या वाटाघाटी २००१ साली दोहा इथे सुरू झाल्या आणि दोन दशकं रखडल्या. १७ जून २०२२ रोजी जिनिव्हातल्या बाराव्या मंत्रिपरिषदेत त्यातला एक भाग मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे लागू झाला असं नाही. संघटनेच्या १६६ सदस्यांपैकी दोनतृतीयांशांनी, म्हणजे १११ देशांनी, आपापलं स्वीकृतीपत्र जमा करायचं होतं. अमेरिका, युरोपीय संघ, चीन, जपान यांनी ते २०२३ मध्येच केलं. १५ सप्टेंबर २०२५ रोजी ब्राझील, केनिया, टोंगा आणि व्हिएतनाम यांची पत्रं आली, संख्या पूर्ण झाली आणि करार लागू झाला. त्या १११ मध्ये भारत नव्हता.

या मंजूर भागात तीन मनाया आहेत. बेकायदा, नोंद न केलेली किंवा अनियंत्रित मासेमारी करताना पकडल्या गेलेल्या जहाजाला अथवा चालकाला अनुदान द्यायचं नाही. ज्या मासळीचा साठा उपसून संपत आला आहे, ती पकडायला अनुदान द्यायचं नाही, अपवाद फक्त साठा पुन्हा भरून यावा म्हणून केलेल्या उपायांचा. आणि खुल्या समुद्रात जिथे कोणत्याच देशाची हद्द नाही, कोणत्याच प्रादेशिक मत्स्य संघटनेचा अधिकार नाही, तिथल्या मासेमारीला अनुदान द्यायचं नाही. वादळात होड्या गेल्या तर ठरावीक भागापुरती, ठरावीक काळापुरती नुकसानभरपाई देता येते. ती वाट मोकळी ठेवली आहे.

यात ‘डिझेल परतावा बंद करा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘लहान होड्यांचं अनुदान काढा’ असंही नाही.

ती भीती आली कुठून? ती दुसऱ्या भागातून आली. मासेमारीची क्षमताच प्रमाणाबाहेर वाढवणारी अनुदानं, म्हणजे नवी जहाजं, मोठी इंजिनं, इंधन, यांच्यावर बंधन घालणारा मसुदा वेगळा आहे आणि तो अजून वाटाघाटीत आहे. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबूधाबीच्या परिषदेत त्यावर एकमत झालं नाही. भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली ती या दुसऱ्या भागात. दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांनी त्यांची अनुदानं २५ वर्षं थांबवावीत, हीदेखील भारताची मागणी त्याच चर्चेतली. त्या मसुद्यात जगाच्या समुद्री मासेमारीत ०.८ टक्क्यांपेक्षा कमी वाटा असलेल्या विकसनशील देशांना सूट सुचवली होती. भारताचा वाटा त्याच्या कितीतरी वर असल्यामुळे आपण त्या सवलतीत बसत नाही. दुसऱ्या भागाबद्दल भारताची भूमिका मला पूर्णपणे रास्त वाटते आणि ती सोडू नये. २०२२ मध्ये जिनिव्हात आपल्या सरकारने मांडलं होतं की भारतात एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान मिळतं, आणि काही श्रीमंत देशांत हाच आकडा हजारो डॉलरांत जातो. जगभरच्या मासेमारी अनुदानाचा संशोधकांनी काढलेला अंदाज २०१८ साठी ३५ अब्ज डॉलरांच्या पुढे आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा, पाठोपाठ युरोपीय संघ, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान यांचा. समुद्र त्यांनी उपसायचा आणि शिस्त सातपाटीच्या नाखव्याने पाळायची, हे कुणालाही मान्य होणार नाही.

पण दुसऱ्या भागाचा राग पहिल्या भागावर काढला जातोय, आणि नेमकं तिथेच आपलं नुकसान होतंय असं माझं ठाम मत आहे.

बेकायदा मासेमारीचं कलम घ्या. आपल्याकडे धरणावर काय चालतं ते तुम्ही रोज बघता. संस्था ठेका भरते, बोटुकली सोडते, विणीच्या दिवसांत जाळी काठावर ठेवते; आणि रात्री कुणी तरी बारीक आसाची जाळी लावून बोटभर मासे ओढून नेतो, कुठे सुरुंग लावतो, कुठे विष टाकतो. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी ते थांबलेलं नाही. अशा माणसाला पुढच्या वर्षी सरकारी खर्चाने नवी जाळी मिळाली तर तुमच्या संस्थेचे सभासद काय म्हणतील? करारातलं तिसरं कलम समुद्रापुरतं हेच म्हणतं, त्याहून जास्त काही नाही. त्यात कुणाही सरकारवर तपास सुरू करण्याची सक्तीदेखील नाही. कायदेशीर प्रक्रिया करून एखादं जहाज बेकायदा ठरलं, तर त्याचं अनुदान थांबवायचं एवढंच. आपल्या देशात एलईडी दिव्यांनी, दोन जहाजं जोडून ओढायच्या जाळ्यांनी मासेमारी करायला २०१७ पासूनच बंदी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आहे. पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय की ही बंदी मोडणाऱ्या मोठ्या जहाजांना आवरा. त्याचंच म्हणणं या कलमात आहे.

उपसलेल्या साठ्याचं कलम जरा अवघड, हे मान्य. कुठली मासळी संपत आली हे ठरवायला विज्ञान लागतं, नोंदी लागतात. पण केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्याच सरकारच्या कोचीच्या संस्थेने, २०२२ मध्ये देशभरातले १३५ साठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचं जाहीर केलं. हा अहवाल खरा मानायचा असेल, आणि सरकार तो अभिमानाने सांगतं, तर या कलमाचा फटका फार थोड्या ठिकाणी बसेल. आणि जिथे साठा खरोखर खालावला आहे, तिथे अनुदान देऊन आणखी जहाजं पाठवणं मच्छीमाराच्याच मुळावर येतं.

खुल्या समुद्राबद्दलची तिसरी मनाई तर सरळ भारताच्या फायद्याची. अरबी समुद्राच्या वायव्येला, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर, मोठे दिवे लावून माकूळ (स्क्विड) पकडणारे परदेशी ताफे गेली काही वर्षं येतात. त्यात चिनी जहाजांचा भरणा मोठा. हिंदी महासागर ट्यूना आयोगाचा अधिकार ट्यूना आणि त्या जातीच्या माशांपुरता, त्यामुळे माकुळीवर तिथे कुणाचाच अंमल नाही. नेमक्या अशाच पाण्यातल्या मासेमारीचं अनुदान हा करार मना करतो. चीनने करार स्वीकारला आहे. पण या करारातली बंधनं आणि हक्क स्वीकारणाऱ्यांमध्येच चालतात. चीनला ‘या ताफ्याला पैसे का देता’ असं या कराराच्या आधारे विचारायचं असेल तर भारताला आधी स्वतः आत जावं लागेल. खुल्या समुद्रात जाणारी आपली स्वतःची जहाजं अगदी मोजकी आहेत. या मनाईने आपण गमावतो फार थोडं.

मुदतीचा मुद्दा वर्तमानपत्रांत फारसा येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. विकसनशील देशांना आपल्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी पहिल्या दोन मनायांखाली दोन वर्षांची सवलत आहे. त्या काळात त्यांच्यावर कुणी दावा लावू शकत नाही. ही दोन वर्षं आपण सही करू त्या दिवसापासून मोजायची नाहीत. कराराच्या शब्दांप्रमाणे ती करार लागू झाल्या तारखेपासून मोजायची, म्हणजे ती १५ सप्टेंबर २०२७ ला संपतात. आपण जितका उशीर करू, तितकी ती सवलत हातातून जाते. ‘घाई नको, बघू’ म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. करार राबवण्यासाठी विकसनशील देशांना मदत करणारा एक निधी संघटनेने उभा केला आहे, तोही स्वीकृती दिलेल्यांनाच खुला आहे. नोंदी ठेवायला, साठे मोजायला पैसा लागणारच आहे. मग तो मिळत असताना का सोडायचा?

विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. जून २०२२ मध्ये भारतातले मच्छीमार प्रतिनिधी जिनिव्हात जाऊन निदर्शनं करत होते. त्यांच्या तक्रारीत दम होता आणि आहे. श्रीमंत देश गरीब देशांच्या समुद्रात मासेमारीचा हक्क सरकारी पातळीवर पैसे मोजून विकत घेतात, आणि करारात त्या रकमेला अनुदान मानलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेचा किनारा अशाच करारांनी परक्या ताफ्यांना खुला झाला. सगळ्याच उद्योगांना मिळणारी सर्वसाधारण इंधन सवलत कराराच्या व्याख्येत येत नाही, आणि मच्छीमाराला म्हणून दिलेला परतावा येतो. ज्याच्याकडे हिशेब रचणारे वकील आहेत त्याचीच यात सोय होते. आकडेवारी पुरवण्याचं ओझं राज्यांच्या मत्स्यखात्यांवर पडेल, आणि त्या खात्यांत माणसं किती कमी आहेत हे एक अर्ज पुढे सरकायला किती महिने लागतात त्यावरून तुम्हाला ठाऊक आहे. आणखी एक भीती अशी की एकदा आत गेलो की दुसऱ्या भागासाठी दबाव वाढेल. ती मी हलकी मानत नाही. पण कराराच्या बाराव्या कलमात तरतूद आहे: लागू झाल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत, सर्वंकष नियमांवर एकमत झालं नाही तर हा करारच आपोआप संपतो, सर्वसाधारण परिषदेने वेगळं ठरवलं नाही तर. म्हणजे दुसऱ्या भागाची वाटाघाट होणारच. तिथे भारताच्या बोलण्याला वजन हवं असेल तर ‘यांनी पहिलंही मान्य केलेलं नाही’ हे उत्तर ऐकून घ्यायची वेळ येऊ नये.

आता संसदेचा प्रश्न. इथे तुमचा संताप मला पटतो.

आपल्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय करार करणं हा केंद्र सूचीतला चौदावा विषय आहे, आणि तो अधिकार कलम ७३ नुसार केंद्र सरकार वापरतं. संसदेने आधी मंजुरी दिलीच पाहिजे अशी अट घटनेत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळ निर्णय घेतं आणि स्वीकृतीपत्र जिनिव्हाला जातं. याच संघटनेचा व्यापार सुलभीकरणाचा करार २०१६ मध्ये असाच स्वीकारला गेला. कराराची अंमलबजावणी करण्यासाठी कायदा बदलावा लागला तर मात्र संसदेकडे जावंच लागतं, आणि कलम २५३ मुळे तो विषय राज्यांचा असला तरी संसद कायदा करू शकते.

आपल्याकडच्या जुन्या कापूसवाल्यांना डंकेल प्रस्ताव, म्हणजे ज्यातून पुढे ही जागतिक व्यापार संघटना उभी राहिली तो मसुदा, आठवत असेल. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत पारावर त्यावर भांडणं झाली. शरद जोशींची शेतकरी संघटना प्रस्तावाच्या बाजूने उभी राहिली, इतर शेतकरी संघटना विरोधात. १९९४ मध्ये मराकेशला त्यातून आलेल्या करारावर सही झाली ती सरकारच्या अधिकारात. त्यातलं पेटंटचं प्रकरण कायद्यात आणायचं म्हटल्यावर १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन वेळा संसदेत दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि त्या चर्चेतूनच औषधांच्या बाबतीत जनतेला उपयोगी पडणारी काही कलमं टिकली. चर्चा झाली की करार जिथल्या तिथे अडतो, ही समजूत त्या अनुभवाने खोटी ठरवली आहे.

मासेमारीत तर गुंता आणखी आहे. राज्य सूचीत एकविसावा विषय ‘मत्स्यव्यवसाय’ आहे. केंद्र सूचीत सत्तावन्नावा विषय प्रादेशिक समुद्राबाहेरच्या मासेमारीचा आहे. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल महाराष्ट्राचे, त्यापुढचे केंद्राचे. डिझेलचा परतावा राज्य देतं, परवाना राज्य देतं, बंदी मोडणाऱ्यावर गस्तही राज्यच घालतं. जबाबदारी मुंबईने उचलायची आणि शब्द दिल्लीने द्यायचा, तर निदान किनारी राज्यांशी लेखी सल्लामसलत व्हायला हवी आणि संसदेच्या स्थायी समितीपुढे कराराचा पूर्ण मजकूर भाषांतरासह यायला हवा. कायद्याने सक्ती नसली तरी हे करायला कुणी अडवलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले, त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना खोल समुद्रात प्राधान्य दिलं आणि यांत्रिक व मोठ्या नौकांना प्रवेशपास सक्तीचा केला. कराराला लागणारी नोंदणीची अर्धी तयारी यातून होतेच आहे. मग करार लोकांसमोर ठेवायला संकोच कशाचा?

मला खरी काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. आमसभेचा एक तास जिनिव्हाच्या भीतीवर गेला आणि ज्या गोष्टी आपल्याला रोज मारतात त्यांवर कुणी बोललं नाही. बोटुकली वेळेवर येत नाही. येते तेव्हा बोटभर नसते, आणि सोडल्यावर मोठ्या माशांच्या पोटात जाते. ठेक्याची रक्कम भरायला सावकाराकडे जावं लागतं आणि मग मासळी त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने जाते. उकाईच्या फुगवट्यावर धरण गुजरातेत, काठ आपला. विणीची बंदी दोन्हीकडे एकाच वेळी पाळली जात नाही तोवर इकडच्या मावची-गावित-भिल्ल सभासदाने जाळं गुंडाळून ठेवण्याचा फायदा समोरच्या काठाला होतो. नर्मदेकाठच्या ज्या आदिवासींची शेतं पाण्याखाली गेली, त्यांनी त्याच पाण्यावर मासेमारी संस्था उभ्या केल्या. त्यांना रस्ता नाही, बर्फ नाही, बाजार लांब. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, पीककर्जासारखं कर्ज, विमा, हे सगळं कागदावर आलं आहे. ते तुमच्या संस्थेपर्यंत पोहोचलं का, हा प्रश्न आमसभेत कुणी विचारला का?

ठरावाबद्दल सांगायचं तर सरसकट विरोधाचा ठराव आणू नका. तळटीप वाचलेला कुणीही तो एका मिनिटात निकालात काढेल. मी तुमच्या जागी असतो तर असा मांडला असता: ‘मासेमारी अनुदान करार भूजलाशयीन मासेमारीला लागू नाही याची संस्था नोंद घेते. बेकायदा मासेमारी आणि उपसलेल्या साठ्यांविषयीचा मंजूर भाग भारताने किनारी राज्यांशी आणि पारंपरिक मच्छीमारांशी सल्लामसलत करून, संसदेच्या स्थायी समितीत चर्चा करून, दोन वर्षांची सवलत संपण्याआधी स्वीकारावा. क्षमतावाढीच्या अनुदानांबाबत विकसनशील देशांसाठी २५ वर्षांच्या मुदतीची मागणी सोडू नये.’ सूचक आणि अनुमोदकांची नावं घालून तो इतिवृत्तात घ्या. एक प्रत तुमच्या खासदारांना, एक जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांना आणि एक जिल्हा संघाला द्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. बोटुकली आणि वीजदराची मागणी त्याच पत्रात घालू नका. तिचा अर्ज वेगळा करा, त्याला धरणाचं क्षेत्र, सभासद संख्या आणि गेल्या हंगामातल्या बीजपुरवठ्याच्या तारखा जोडा.